गुळाच्या पाण्यातले दहा कोटी जवान

१८ ऑक्टोबर, सकाळी ६
फौजेतून रिटायर होऊन दुसरं वर्ष. पलूसमध्ये दरवर्षी हरभऱ्यावर मर रोग येतो आणि लोक रडत बसतात. कारण एकच, डिसिप्लिन नाही. यंदा फारूकच्या दुकानातून जिवाणूंचं पाकीट आणलं. हे बियांभोवती पहारा देतात, बुरशीला फिरकू देत नाहीत. ग्रॅममागे दहा कोटी! हवालदार असताना माझ्या हाताखाली बारा होते.

१९ ऑक्टोबर
बायको लीला बियांचा डबा देईना. आटपाडीच्या तिच्या आईचं गावरान बी. आई गेल्यापासून दुसऱ्या कुणाकडे उरलेलं नाही. म्हणाली, "आवं, येवढंच हाय. ह्ये गेलं की आईचं काय ऱ्हात न्हाई." मी शब्द दिला. फौजीचा शब्द.

२० ऑक्टोबर, दुपारी
बीजप्रक्रिया यशस्वी. फारूक म्हणाला होता, गुळाच्या पाण्यात पाकीट कालवा, बियांना चोळा, सावलीत वाळवा. स्वच्छतेचा विचारच नाही! मी गुळाचं पाणी वीस मिनिटं खळाखळा उकळलं. सगळे जंतू खलास. लगेच पाकीट ओतलं. लीला म्हणाली, "निवू तरी द्या की." तिला सायन्स कुठून माहीत असणार. चोळताना हात पोळले, सहन केलं. बी गच्चीवर उन्हात पसरलं. व्हिटॅमिन डी. पाकिटाच्या तळाशी राहिलेलं ती घेऊन गेली. भांडी घासायला असेल.

६ नोव्हेंबर
पेरलेलं निम्मंच उगवलं. भरतीतही निम्मे गळतात. कृषी सहायक अपेक्षा मॅडमना फोन करून शेतकरी मेळाव्यात भाषण द्यायची तयारी दाखवली. त्या म्हणाल्या, आधी प्लॉट बघू.

२८ नोव्हेंबर
रोपं पिवळी. थकवा असेल.

२ डिसेंबर
रोपं माना टाकताहेत. पाकीट बोगस आहे म्हणून फारूकला सुनावलं. माझी कृती ऐकून तो म्हणाला, "हवालदार, उकळत्या पाण्यात घातलंसा? आवं, जित्ता माल असतोय त्यो!" दुकानातली चार गिऱ्हाइकं हसली. दुकान बदलणार.

५ डिसेंबर
सगळं वाळलं. तिच्या आईचं बी मी संपवलं. लय वाईट वाटतंय. जेवण गेलं नाही. लीलाला सांगायची हिंमत होत नाही. सांगायचं उद्या.

७ डिसेंबर
सांगितलं. ती मला गोठ्यामागे घेऊन गेली. हरभऱ्याच्या चार ओळी, हिरव्यागार. दोन ओंजळी बी तिनं बाजूला ठेवलं होतं, निवलेल्या गुळाच्या पाण्यात पाकिटातलं उरलेलं कालवून चोळलं होतं. कधी बाजूला काढलंस, विचारलं. म्हणाली, "तुमी शब्द दिलासा न्हवं, तवाच." डोळ्यांत पाणी आलं. ऊन फार होतं.

१६ फेब्रुवारी
अपेक्षा मॅडमनी प्लॉट बघितला, गोठ्यामागचा. मेळावा झाला. भाषण लीलानं केलं, माझ्या मार्गदर्शनाखाली. म्हणजे माइक मी धरला होता. तिनं माझं नाव घेतलं नाही, फक्त "काही लोक पाणी उकळतात" म्हणाली. टाळ्या पडल्या.

घरी येऊन तिनं नवं बी डब्यात भरलं. झाकणावर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलंय: हात लावू नये. घरात आम्ही दोघंच. उंदरांसाठी असावं.