प्राप्तीच्या पानावरच्या खुणा

मी, कमळ धर्मा घरत, वय एकोणसत्तर, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार चौल, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. मला कोणी दमदाटी केलेली नाही की गोड बोलून बसवलेलं नाही. शुद्धीवर असल्याचा डॉक्टरांचा दाखला मागे जोडला आहे. दाखला देताना ते म्हणाले, "काकी, तुमची आठवण माझ्यापेक्षा चांगली आहे." आहे ना, त्याचाच तर त्रास आहे. २०१९ साली केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी मुख्य गोष्ट लिहिली नव्हती.

कलम १. मोहनमाळ आणि दोन पाटल्या सून कल्पिताला. बँकेत जे काही उरेल ते मुलगा निकेत याला. न्हावा शेव्याला कंटेनरच्या कामात त्याने पाठीची वाट लावून घेतली आहे, तेव्हा आधी डॉक्टरांना पाठ दाखवावी, मग गाडी घ्यावी. वाडीतला हिस्सा त्याच्या वडिलांनी त्याला आधीच करून दिला आहे. शिलाई मशीन ज्याला चालवता येईल त्याने न्यावं, शोभेला ठेवू नये.

कलम २. आमच्या आणि धाकटे दीर अनंता यांच्या वाडीला विहीर एकच. पंपाची सकाळची पाळी कोणाची, यावरून २०१० साली माझे यजमान आणि भावोजी यांचं जे वाजलं ते यजमान जाईपर्यंत. मध्ये नुसतं एक कुंपण, पण सहा वर्षं दोन घरांचं बोलणं बंद, येणंजाणं बंद. सकाळची पाळी मी भावोजींना देते. देते कसली, ती त्यांचीच होती. सासऱ्यांच्या हातचा तसा कागद आम्हा नवराबायकोला सापडला होता आणि आम्ही तो पेटीत तळाशी ठेवला. तो कागद सोबत आहे. घ्या भावोजी, चालवा पंप.

कलम ३. हे लिहायचं होतं म्हणून बाकीचं लिहिलं.

त्या अबोल्याच्या काळात भावोजींची नात प्राप्ती माझ्या अंगणवाडीच्या पटावर होती. मूल नावाने हाक मारल्यावर बघतं का, हवं ते बोटाने दाखवतं का, दोन शब्द जोडून बोलतं का, हे सेविकेने घरी जाऊन, मूल डोळ्यांनी पाहून नोंदवहीत त्याच्या पानावर लिहायचं असतं. यजमानांनी सांगितलं होतं की त्या घराची पायरी चढायची नाही. त्यांच्या नावावर ढकलणं सोपं आहे, ते आता उत्तर द्यायला येणार नाहीत. खरं म्हणजे मलाच जायचं नव्हतं. मी माझ्या ओटीवर बसून प्राप्तीच्या पानावर सगळीकडे 'होय'ची खूण केली. एकदा नाही, तीन वर्षं केली.

मदतनीस आवडाबाई वजनकाटा घेऊन त्यांच्याकडे जायची. एकदा परत आली ती दारातच उभी राहिली. "बाय, ती पोर हाक मारली तरी बघत न्हाय. खेळण्याचं चाक तेवढं फिरवत बसलेली हाय. तू एकदा जाऊन ये."

मी म्हणाले, "तुला वजन करायला पाठवलं होतं ना? वजन सांग."

तिने वजन सांगितलं. मी लिहून घेतलं.

प्राप्ती सात वर्षांची झाल्यावर शाळेच्या बाईंनी तिच्या आईला, सोनलला, बोलावून घेतलं. मुंबईच्या डॉक्टरांनी स्वमग्नता आहे म्हणून सांगितलं. तिसऱ्या वर्षी आणली असती तर पुष्कळ करता आलं असतं, असंही म्हणाले. यजमान जाऊन दोन वर्षं झाली होती, येणंजाणं सुरू झालं होतं. सोनल माझ्या ओटीवर येऊन रडली. "काकी, आवडाबाई वजन करायला यायच्या, त्या कधी काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, सगळं ठीक आहे. मी आई असून मला कळलं नाही हो."

आवडाबाई आदल्या वर्षी वारली होती. मी सोनलच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "अगं, आवडाबाई अडाणी, तिला काय समजणार?"

हे मी बोलले. माझ्या तोंडाने बोलले. मला लाज वाटते. देवापुढे बसले की वाटते, जेवताना वाटते, आणि सोनलने चहाचा कप हातात दिला की सर्वांत जास्त वाटते.

त्यानंतर मी जे करत आले त्याला लोक समाजसेवा म्हणतात. आधी प्राप्तीचा दिव्यांग दाखला काढला, मग रेवदंड्याची, नागावची, पार मुरुडपर्यंतची माणसं येऊ लागली. दाखल्याला कुठल्या खिडकीशी उभं राहायचं, दिव्यांग कार्डाचा अर्ज कसा भरायचा, बोलायला शिकवणाऱ्या बाई कुठे भेटतात, मूल अठराचं झालं की पालकत्वाचा कागद का लागतो, हे दर सोमवारी माझ्या ओटीवर बसून सांगायचं. बहिणीचं लग्न मोडेल म्हणून मागच्या खोलीत ठेवलेल्या लेकरांना बाहेर आणायचं. सत्तेचाळीस घरं झाली. प्रत्येक घरी मी आईबापांना बजावलं, "लपवू नका." अकरा सत्कार झाले, अकरा शाली मिळाल्या, आणि दर वेळी सोनल पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. मी खाली मान घालून बसायचे. लोकांना वाटायचं, बाई किती साधी!

कलम ४. राहतं घर यजमानांनी माझ्या नावावर केलं होतं. ते अशा मुलांच्या पालकांच्या मंडळाला द्यावं. ओटीवर दर सोमवारी बसणं चालू राहावं आणि ते सोनलने चालवावं. खिडकीवरच्या माणसाशी भांडून काम करून आणणं तिलाच जमतं, आणि ती नसेल तर हे बंद पडेल हे मला ठाऊक आहे. तरीही ती नको म्हणाली तर तिला कोणी गळ घालू नये. निकेत, तूसुद्धा नाही.

शाली मुलांना बसायला जमिनीवर अंथराव्यात. ओटीवर माझ्या नावाची पाटी नको. लावायचीच असेल तर आवडाबाई नाईक या नावाची लावा. माझ्या तेराव्याला कोणी चांगलं बोलायला उभं राहिलं तर निकेतने त्याला खाली बसवावं आणि कलम तीन मोठ्याने वाचावं.

कलम ५. मेल्यावर वाचा म्हणणं हीसुद्धा पळवाटच झाली. म्हणून आज सह्या झाल्या की हे कागद मी कुंपण ओलांडून सोनलच्या हातात देणार आहे. दोन साक्षीदार कायद्याला लागतात. तिसरी जागा मी तिच्यासाठी ठेवली आहे. तिने तिथे सही करावी किंवा कोरी सोडावी.

लिहून देणार : कमळ धर्मा घरत (सही)
ठिकाण : चौल. दिनांक : १२ ऑगस्ट २०२५

कमळ घरत यांनी आमच्यासमोर सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर :

१. विपुल ठाकूर, औषधविक्रेता, रेवदंडा (सही)

२. पूर्वी वर्तक, शिक्षिका, चौल (सही)

३. वाचलं. दोनदा वाचलं. सही करणार नाही. सोमवारी नागावची दोन माणसं मुलाला घेऊन येणार आहेत, त्यांना अलिबागला मी नेईन. काकी, तुम्ही येऊ नका.
सोनल, १४ ऑगस्ट