दर पंधरा मिनिटांनी

खडकी,
५ फेब्रुवारी २००९

प्रिय हेमा,

चौदा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकली असशील. दचकली असलीस तर मला बरंच वाटेल.

आधी खुशाली. सुखदेव फॅक्टरीतच आहे, आता सुपरवायझर झालाय. पायल आठवीत आहे. कॉम्प्युटरच्या क्लासला जाते आणि पुढे हिंजवडीतच नोकरी करणार, असं आम्हाला आत्ताच सांगून ठेवलंय. एकटीच आहे. लहानपणी भाऊ हवा म्हणून हट्ट धरायची, आता विचारत नाही. मी नर्सिंग कॉलेजात ट्यूटर आहे, हे तुला ठाऊक असेलच. तुमच्या हॉस्पिटलातल्या निम्म्या मुली माझ्याच हाताखालून गेल्यात.

हॉस्टेलची आपली खोली आठवते? माझ्या आईच्या हातचं सुकट तू बोटं चाटत खायचीस, फक्त सदाशिव पेठेत तुझ्या घरी कळू द्यायचं नाही या अटीवर. ती अट मी पाळली. परीक्षेच्या आधी गच्चीवर तू माझ्याकडून धडे घोकून घ्यायचीस. बाळंतपण झालं की पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी बाईच्या पोटावर हात ठेवायचा, गर्भाची पिशवी घट्ट लागते का बघायचं, खालचं कापड रक्तानं किती भिजलंय ते बघायचं आणि तिला विचारायचं, कसं वाटतंय. मी ते शेवटचं 'विचारायचं' नेहमी विसरायचे आणि तू दंडाला चिमटा काढायचीस. तुझे चिमटे फार लागायचे, पण त्यामुळेच मी पास झाले.

म्हणून तर बाळंतपणाला तुझ्या हॉस्पिटलात नाव घातलं. सासूबाई म्हणत होत्या, इतक्या लांब कशाला? मी म्हटलं, तिथे हेमा आहे. मार्च महिना, सकाळची वेळ, टेबल नंबर तीन. कळा सोसवेनात म्हणून मी ओरडले, आणि नेमका मोठ्या सरांचा राउंड दारात आला. तू माझ्या उघड्या मांडीवर फाडकन चापट मारलीस. "मजा मारताना नाही ओरडलीस? आता आवाज काढलास तर याद राख, तीन नंबर!" तीन नंबर म्हणालीस, नंदा नाही. मी तुझी कोण, हे सरांना कळायला नको होतं ना.

पायल झाली. तू दुसऱ्या टेबलाकडे वळलीस. थोड्या वेळानं मला मांड्यांखाली गरम लागायला लागलं. मी नर्स होते, हेमा. ते काय आहे हे मला कळत होतं, हातात किती वेळ आहे हेही कळत होतं. तरी मी तोंड उघडलं नाही. आजही मला माझाच राग येतो, पण खरं सांगते, त्या क्षणी मला मरणापेक्षा तुझ्या हाताची भीती जास्त वाटली. तू दोनदा माझ्या टेबलाशी आलीस. केसपेपरवर वेळ टाकलीस, तब्येत ठीक असं लिहिलंस आणि गेलीस. पोटावर हात ठेवला नाहीस, विचारलं नाहीस. फरशी पुसायला आलेल्या गोदाबाईंचं फडकं लाल झालं तेव्हा त्या किंचाळल्या. त्यांना गप्प करायला कुणी नव्हतं, म्हणून मी जिवंत आहे. पिशवी मात्र काढावी लागली. मला सव्विसावं चालू होतं.

चौथ्या दिवशी तू मोसंबी घेऊन भेटायला आलीस आणि म्हणालीस, "अगं, सांगायचंस ना!" ती मोसंबी मी गोदाबाईंना दिली.

आमच्या कॉलेजानं बाळंतपणाच्या प्रॅक्टिकलसाठी परदेशी डमी आणलीय. हात लागला तर खराब होईल म्हणून ती कपाटात असते आणि किल्ली ऑफिसात. म्हणून मी जुन्या गोधडीचं पोट शिवलंय. ते बांधून मीच टेबलावर झोपते, गोधडीच्या आत कापडी बाळ आणि चादरीखाली लाल पाण्याची नळी. दारावर पाटी लावलीय : 'येथे ओरडण्याची मुभा फक्त टेबलावरच्या बाईस आहे. इतरांनी हळू बोलावे.' मुली हसतात, मग एकेक जण आत येते. बाळ बाहेर आलं की मी गुपचूप नळी सोडते आणि गप्प पडून राहते. जी पोटावर हात ठेवून 'कसं वाटतंय' विचारते, तिलाच मी सांगते. बाकीच्या नापास. रडतात, पुन्हा येतात, नंतर जन्मात विसरत नाहीत. त्यांना शिकवायला हे करते असं मी सगळ्यांना सांगते. ते खरंही आहे. पण नापास करताना प्रत्येकीच्या जागी मला तूच दिसायचीस, आणि दर वेळी मला बरं वाटायचं.

आपल्या वेळच्या बाया मार खाऊनही घरी जाऊन पेढे वाटायच्या. आताच्या कंपनीतल्या मुली घरी जाऊन ई-मेल करतात. गेल्या महिन्यात तुमच्याकडे एकीनं केला, त्यात वेळ, वाक्य आणि तुझं नाव सगळं होतं. तेच वाक्य, हेमा, चौदा वर्षांत एक शब्दही बदलला नाहीस. म्हणून तुमच्या ट्रस्टनं लेबर रूमच्या सगळ्या सिस्टरांना आमच्याकडे प्रॅक्टिकल लावलंय, आणि काल तुझा अर्ज माझ्यासमोर आला. अठरा वर्षांचा अनुभव आणि गुडघेदुखी, सबब प्रॅक्टिकलमधून सवलत मिळावी. ट्यूटरचा शेरा हवा होता, तो मी लिहिलाय : सवलत देता येत नाही. सोमवारी, सोळा तारखेला, सकाळी अकरा वाजता, टेबल नंबर तीन. आमच्याकडे दोनच टेबलं होती. तिसरं मी आज मांडून घेतलं. त्यावर मी असेन आणि भोवती तीस मुली उभ्या असतील. प्रश्न कोणता ते वर सांगितलंच आहे, तेव्हा पेपर अवघड होता म्हणू नकोस. विचारलं नाहीस, तर माझ्या मुलींसमोर नापास होशील. विचारलंस, तर मी सांगेन, मला कसं वाटलं ते, चौदा वर्षांचं सगळं, आवाज काढून. आणि मी थांबेपर्यंत तुला माझ्या पोटावरचा हात काढता येणार नाही.

सोमवारपर्यंत तुझीच,
नंदा