फुंकणीतला पाळणा

भीमपूर,
फाल्गुन

प्रिय भागी (हट्टी आहेस म्हणून जरा जास्तच प्रिय),

पाकीट पाहून दचकू नको. इकडं सगळे खुशाल आहेत. फोनवर माझं बोलणं म्हणजे फाटक्या सायकलपंपाची फुसफुस. तू तिकडून "काय? काय म्हणतेस अक्का?" करत राहतेस अन् मी इकडं घामाघूम होते. मोबाइलवर एकेक अक्षर दाबत बसायचा मला भारी कंटाळा. म्हणून बाळंतपणाला माहेरी आलेल्या पूनमकडून कोरे कागद मागून घेतले. चहा घेऊन बस अन् सावकाश वाच, कारण आज मी काही लवकर थांबत नाही.

आधी बाळाचं सांगते. पूनमची लेक आता चांगली बाळसं धरून राह्यली. नाक तुझं घेतलंय, बारीक अन् वर उचललेलं. रडते मात्र माझ्या जुन्या आवाजात. भोकाड पसरलं की थेट नाल्यापर्यंत ऐकू जातं. होळीनंतरच्या रविवारी बारसं धरलंय. गावातल्या बाया येता-जाता एकच विचारतात, "पाळना कोन म्हनंल वं रेणुका?" आजवर हा प्रश्न कुणी विचारला होता का सांग. कुणाचंही बारसं असो, रेणुकाने धरायचं अन् भागीने उचलायचं, हे ठरलेलंच. आता त्या विचारतात अन् मी मान हलवून पुढं जाते. तुझा निरोपही मिळाला, की दुपारी येईन, जेवीन अन् संध्याकाळच्या बसने मंचेरियलला परत. तुझ्या लखनची परीक्षा आहे म्हणे. बरं. त्याचं मी शेवटी बघते.

भागी, गेल्या पावसाळ्यात नागपूरला माझ्या गळ्यातली गाठ काढली तेव्हापासून एक गोष्ट तुला म्हणायची राहून गेली आहे. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, गाठ आवाजाच्या नसेला चिकटलीय, जीव वाचेल पण आवाजाचं सांगता येत नाही. तुझे भाऊजी ते ऐकून बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभे राहिले. तू नाही हललीस. माझ्या उशाशी बसून चमच्याने पेज पाजलीस, केस विंचरलेस, मी डोळ्यांनी बोलायची अन् तू तोंडाने. नर्सशी माझ्या वतीने भांडलीस सुद्धा, अन् ते मी सांगितलंच नव्हतं! तुझं स्वतःचं घर, नवऱ्याच्या खाणीतल्या पाळ्या, सगळं टाकून आलीस. बहिणी-बहिणींत आभार मानायची आपल्याकडं रीत नाही, मानले तर तू मलाच शिव्या देशील. दे. पण मी मानते. तू नसतीस तर मी त्या खाटेवरून उठलेच नसते.

अन् दिवाळीला येऊन गेलीस तेव्हा माझ्या उशीखाली तो लांबट डबा ठेवून गेलीस. आत बारीक पितळी नळी, वर हिरवं प्लास्टिकचं तोंड, अंगावर सहा भोकं. डब्यावर टिन व्हिसल असं छापलेलं. बासरीसारखी आडवी नाही, पिपाणीसारखी उभी धरायची. खरं सांगू? मला राग आला होता. वाटलं, आवाज गेला तर हिने लेकराच्या हातात देतात तसं खेळणं दिलं. चुलीमागच्या फळीवर टाकून दिली अन् विसरून गेले.

पुढचं ऐक. आपल्याकडं निंदणाला येते ती सखूबाई, एका सकाळी अंगणातल्या चुलीवर पूनमच्या आंघोळीचं पाणी तापवत होती. कापसाच्या पऱ्हाट्या ओल्या, नुसता धूर. तिने हात घालून फळीवरची फुंकणी काढली अन् गाल फुगवून जी फुंकली, माय वं! असा आवाज निघाला की कुत्रं पळालं अन् सखूबाई मागच्या मागं बसली. "रेणुकाबाई, तुमची फुंकनी बोंबलते!" मला हसू आवरेना. माझं हसणंही आता बिनआवाजाचं, नुसतं पोट हलतं. मी तिच्या हातातून ती नळी घेतली, पदराने पुसली अन् स्वतः फुंकली. जोरात. तुझे भाऊजी गोठ्यातून धावत आले, "काय झालं? कोन बोंबललं?" अन् भागी, मी छातीवर हात ठेवून दाखवलं, मी. मी बोंबलले. ऑपरेशननंतर माझ्यातून मोठा असा आवाज तो पहिलाच निघाला होता. मी तिथंच चुलीपाशी बसून रडले. धुरामुळं रडते असं सखूबाईला वाटलं.

मग लागले ना मी हात धुऊन मागं. डब्यातल्या कागदावर काळी-पांढरी वर्तुळं होती, काळं म्हणजे बंद, पांढरं म्हणजे उघडं. पूनमने मोबाइलवर एक लाल दाढीवाला गोरा लावून दिला. त्याचं बोलणं मला कळेना, मी फक्त बोटं पाहायची. तो समोर बसलेला, म्हणून त्याचा वरचा हात मला ज्या बाजूला दिसला त्याच बाजूचा मी वर धरला. सगळं उलटं शिकले! पूनमच्या ध्यानात आलं तोवर बोटांना सवय लागली होती. या नळीला त्याचं काही वाटत नाही, कुठलाही हात वर चालतो. बोटांच्या टोकांनी भोकं झाकत नाहीत, मधल्या मांसाने झाकायची, हे समजायलाच कितीक दिवस गेले. डाव्या हाताचं ते विळा लागून आखडलेलं बोट नेमकं शेवटच्या भोकावर येतं. जरा फट राहिली की सूर कुठच्या कुठं. थुंकी साचली की आवाज कोंडतो, मग झटकायची. अन् सगळ्यात खालचा सूर! सहाही भोकं झाकून, लेकराच्या दुधावर घालतो तशी हळू फुंकर घालायची. जरा जोर केला की किंचाळून वर पळतो. मला जन्मात हळू काही करता आलंय का? गळा ताणून गायची सवय. या नळीने मला हळू व्हायला शिकवलं.

घरात वाजवायची सोय नव्हती. शेजारच्या यशवंतरावांनी दोन्ही खिडक्या लावून घेतल्या, एवढं सांगितलं तरी पुरे. म्हणून मी ज्वारीच्या राखणीला जाऊ लागले. तुला आठवतं, माझी आरोळी ऐकून सगळ्या शिवारातली पाखरं उठायची. आवाज गेल्यापासून मी शेतात गेलेच नव्हते. दाणे भरत आलेले, राघूंचे थवेच्या थवे. राखणीच्या माळ्यावर बसून मी वाजवायला सुरुवात केली अन् सगळे राघू भर्रकन उडाले! तुझे भाऊजी खूश. गोफण ठेवली अन् बांधावर आडवे झाले. "वाजव, वाजव. यंदा एक दाना जात न्हाई." रोज सकाळी हेच. मी शिकायची, पाखरं पळायची, अन् ते घोरायचे.

मग एके दिवशी मी आपल्या आईचा पाळणा काढून पाहत होते. पहिली ओळ आली, दुसरी आली. डोळे मिटलेले. तेवढ्यात भाऊजी बांधावरून ओरडले, "रेणुका, तुयी शिट्टी आता कामाची राह्यली नाही!" डोळे उघडले तर राघू कणसांवर बसलेले. एकही उडाला नव्हता. आरामात दाणे टिपत होते. त्यांनी गोफण उचलली, पण मारली नाही. म्हणाले, "होऊ दे पुरा. खाऊ दे त्यायले थोडं." त्या दिवशी मला कळलं, मला वाजवता येतं.

आता तुझ्याकडं वळते. मार्गशीर्षात बोथ गावाला लग्न होतं, तिथं भाऊजी आले होते ना? हळदीच्या गाण्याला बायांनी तुला ओढलं तर तू घसा बसलाय म्हणालीस. त्याच अंगणात थोड्या वेळापूर्वी लखनवर ओरडत होतीस म्हणे, चार घरं ऐकत होती. भाऊजींनी विचारलं तेव्हा म्हणालीस, "अक्का गात न्हाई, त मी काऊन गाऊ?" घरी येऊन त्यांनी हे सांगितलं अन् मला जेवण गेलं नाही. गाठ माझ्या गळ्यात होती, भागी. तुझा गळा तू कशाला बंद केलास? माझ्यावरची माया मला कळते, पण मायेपायी आपल्या घरात दोन-दोन गळे मुके झाले तर आईने शिकवलेलं कुणाजवळ राहील?

म्हणूनच हे पत्र. शिट्टी मी हौसेपायी शिकत नव्हते, त्या दिवसापासून तर नाहीच. पाळण्याच्या तीन ओळी मला आता नीट येतात. चौथीला सूर चढतो तिथं माझा दम संपतो. गळा होता तेव्हाही तिथंच संपायचा. तुला आठवतं, आईने तिथंच तुला उचलायला शिकवलं होतं. गावाला वाटायचं, दोघी बहिणी ठरवून गातात. खरं म्हणजे मला पुरत नव्हतं अन् तू पुरवत होतीस, सगळ्या आयुष्यभर. बारशाला मी पाळण्याजवळ बसून वाजवणार आहे, हे गावात सांगून टाकलंय; म्हणणार कोण, ते मात्र नाही. चौथ्या ओळीला मी नळी तोंडातून काढून मांडीवर ठेवीन. मग एवढ्या बायांसमोर, तुझ्याच नाकाच्या नातीसमोर, गप्प बसायचं असेल तर खुशाल बस. मी वाट पाहीन. लखनला घेऊनच दोन दिवस आधी ये, पुस्तकं इथं वाचेल.

तुझीच,
तीन ओळींची अक्का