त्यांनाही तोच फोन हवा होता

प्रिय अहो आई,

आज निकाल लागला. माझ्या मैत्रिणीला, सुजाताला, ट्रामच्या थांब्यावर ढकलून तिचा हात मोडणारा तो तरुण दोषी ठरला. कोर्टाबाहेर आले, तुम्हाला कळवायला फोन काढला, आणि मग आठवलं की तुम्ही आता नाही. म्हणून लिहितेय. मराठीतच. तुमच्याशी भांडायला माझं जर्मन कधीच पुरलं नाही!

लग्नानंतर मी तुम्हाला 'अहो आई' म्हणाले, तेव्हा तुम्ही तुमच्या लेकाला, योनासला, विचारलं होतंत, "हे 'अहो' म्हणजे काय? पदवी आहे का?" तो म्हणाला, "आदर." तुम्ही हसलात. "आदर कोर्टात पुरे झाला." पण मी ते सोडलं नाही. धाक होता ना तुमचा! एके काळी खंडपीठावर तुम्ही एकट्या बाई. मग त्याच कोर्टाच्या अध्यक्ष झालात. निवृत्तीला थोडाच काळ उरला असताना राज्याचं न्यायमंत्रिपद चालून आलं, तेही कुठल्याच पक्षात नसताना. योनास म्हणाला, "आई, नको." तुम्ही म्हणालात, "आयुष्यभर तुरुंगांची, कोर्टांची गाऱ्हाणी ऐकली. आता काही करता येईल."

आणि मग तो रविवार. सरकारी वकिलांनी सुजाताचं प्रकरण 'पुरावा अपुरा' म्हणून बंद केलं होतं. नागपूरची संशोधक मुलगी, इथे तिचं कोण होतं? मी जेवणाच्या टेबलावरच म्हणाले, "तुम्ही एक फोन करा. मंत्र्याला सरकारी वकिलांना सूचना देता येते ना?"

"येते. म्हणूनच देणार नाही."

"आई, तिचा हात मोडलाय!"

"तिला म्हणावं, वकील गाठ, हरकत नोंदव. मुदत अजून आहे." आणि तुम्ही पुन्हा बटाट्याचं सॅलड वाढायला लागलात. सॅलड! मी लेकीला, मीराला, उचललं आणि दार आपटून निघाले. कित्येक आठवडे आले नाही.

सुजाताने हरकत नोंदवली. वकिलाने ट्रामच्या चालकाला शोधून काढलं. त्याने सगळं पाहिलं होतं, पण त्याला कोणी विचारलंच नव्हतं. प्रकरण पुन्हा उघडलं. तेव्हा कुठे कळलं, तो तरुण सत्ताधारी पक्षाच्या एका बड्या नेत्याचा मुलगा.

त्यानंतर एका दुपारी तुम्ही न कळवता आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसलात. कोटसुद्धा काढला नाहीत. "मी राजीनामा दिला," म्हणालात.

"का?"

"मुख्यमंत्र्यांनाही तोच फोन हवा होता. प्रकरण बंद करण्यासाठी."

मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

"तुला जे सांगितलं तेच त्यांना सांगितलं. तू नुसतं दार आपटलंस. त्यांनी खुर्ची मागितली."

पेपरात आलं, 'वैयक्तिक कारणास्तव'. मी चिडले. "खरं सांगा ना सगळ्यांना!" तुमचा आवाज जराही चढला नाही. "आल्झो, हे बघ, आज मी बोलले, तर आरोपीचा वकील म्हणेल, हे राजकारण आहे. सुजाताचा खटला बुडेल." मग तुम्ही गप्प राहिलात. लोक काय काय बोलले! बाईंना झेपलं नाही, थकल्या, घाबरल्या. तुम्ही ते ऐकत बागेतली बेरीची झुडपं छाटत होतात.

तुम्ही बरोबर होतात, आई. पण त्या रविवारी 'नाही' म्हणताना एकदा माझा हात हातात घेतला असतात तर? न्यायाधीशाला तेवढी मुभा नसते का हो?

आज कोर्टाच्या पायऱ्यांवर एका पत्रकार बाईने विचारलं, "तुमच्या सासूबाईंनी नेमका कशामुळे राजीनामा दिला?" अगदी ओठांवर आलं होतं. शेजारी सुजाता उभी होती. अपिलाची मुदत अजून संपलेली नाही. मी म्हणाले, "आज काही बोलायचं नाही." फार जड गेलं!

तुम्हाला शब्द देते. निकाल कायम होईपर्यंत मी गप्प राहीन. त्यानंतर मात्र सगळं सांगेन, आणि सर्वांत आधी मीराला. मी मराठीत सांगेन, ती जर्मनमध्ये हजार प्रश्न विचारेल. एकाही प्रश्नाला 'वैयक्तिक कारण' हे उत्तर देणार नाही.

तुमची, अजूनही थोडी रागावलेली सून,
अश्विनी