घमेल्यातली पैज

३ जून
वहिनी सकाळी सकाळी, "ते डबकं आता तरी टाक गं. डास होतात." डबकं म्हणजे ताईचं घमेलं. चिखल, पाणी आणि गवताचा एक झुबका. ताईला जाऊन महिना नाही झाला! म्हटलं, "फळं पिकली की टाकते."
"गवताला फळं? बरी आहेस ना?"

४ जून
गवत नाहीच ते. जंकस, दलदलीत उगवणारं. ताईनं कॉलेजात जन्मभर हेच शिकवलं आणि घरात आम्हाला छळलं. लव्हाळ्याची दांडी तिकोनी, याची गोल, आत पांढरा मऊ गाभा. पानं नावालाच, बुडाशी तपकिरी म्यानं. फूल कणीएवढं, पण पाकळ्या सहा, लिलीसारख्या. रंग वापरलेल्या चहापत्तीचा. परागण वाऱ्यानं, म्हणून नटणं-मुरडणं नाही. "माझ्यासारखंच," म्हणायची.
वारा काही आला नाही, बये!

९ जून
खवट सरांचा फोन. ताईच्याच विभागातले, तिचे हाडवैरी. "बोंडं तपकिरी झाली का?" ना विचारपूस, ना काही. पैज चालूच म्हणे! ताईचं म्हणणं, जात दुर्मीळ, बीला दोन्ही टोकांना शेपट्या निघणार. सरांचं, साधीच, बिनशेपटीची. बोंड पिकल्याशिवाय ठरत नाही. हरेल त्यानं अख्ख्या विभागासमोर म्हणायचं— मी गाढव.
मेलेल्या माणसाशी कसली पैज!
पाणी घातलं.

१७ जून
अजून हिरवीच. वहिनीनं घमेलं उचललं. मी आडवी गेले. ओरडले! दोघीही दचकलो.

२ जुलै
एक बोंड उकललं— तीन फाका, आत भुशासारख्या बिया. सर आले. भिंग लावून बराच वेळ वाकलेले. मग ताठ उभे राहिले.
"शेपट्या आहेत. तुमची ताई जिंकली. मी गाढव."
घमेल्याला हात जोडून! वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारातच.

४ जुलै
विभागातही म्हणाले म्हणे, शिपायासकट सगळ्यांसमोर. आज वहिनीनं आपणहून पाणी घातलं.

५ जुलै
ताईचं भिंग काढलं. म्हटलं, शेपट्या बघू तरी. होती नव्हती तेवढी बोंडं फोडली.
एकाही बीला शेपटी नाही.
सरांना काही बोलले नाही. रविवारी जेवायला बोलावलंय.