हळदीचा उजेड

प्रिय दिशाताई,

ठाकुर्लीहून सान्वीचा नमस्कार. तू बरी आहेस ना? तुझे प्रयोगशाळेतले उंदीर बरे आहेत ना? (तुम्ही त्यांचे पाय मुद्दाम सुजवता म्हणालेलीस, म्हणून विचारलं.) पत्र लिहितेय कारण मोबाईल एकच, तो बाबांकडे असतो, आणि फोनवर मला काही सुचत नाही, तुला माहितीये.

आईची बोटं आता मिटतच नाहीत. डब्यांच्या पोळ्या मीच करते, त्यासाठीच नववीत शाळा सोडलेली. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून बाबा म्हणतात, नाटकं आहेत. काकू म्हणते, "आमच्या वेळी नव्हती बाई असली सूज."

मग मला तुझं गणपतीतलं बोलणं आठवलं. तुमचा तो रंग शरीरात गप्प पडून राहतो, आत सूज भेटली की पेटतो, आणि तो उजेड लालच्याही पलीकडचा, डोळ्यांना दिसत नाही, कॅमेऱ्यालाच दिसतो. एवढं सगळं समजून घेऊन मी काय केलं, तर वाण्याकडून नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मागून आणला. (तीन चकरा मारल्या. दोनदा लाजून नुसतं मीठ घेऊन आले.)

रविवारी दुपारी पडदे लावले, टॉर्च आईच्या हातावर धरला, आणि ताई, सांधे पिवळेधमक चमकले! दुखतात तिथेच! मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. बाबा जेवणावरून उठून आले, मागून काकू. बाबांनी आईचा हात हातात घेतला. (हे मी आधी कधी पाहिलेलं नाही.) म्हणाले, "अगं, एवढं होतं तर बोलायचं ना." आई दोन वर्षं बोलतेय. तिचे नुसते डोळे भरले.

तेवढ्यात माझा टॉर्च हलला आणि बाबांची पाचही बोटं चमकली. ती बांगड्याच्या कालवणातल्या हळदीने. आईने रोजच्यासारखा सांध्यांना हळदीचा लेप लावलेला, धुतला तरी हळद राहिलेली. काकू हसून हसून खालीच बसली. बाबांनी हात सोडला. आई पण हसली, सगळ्यांत मोठ्याने. आता रोज जेवताना बाबा म्हणतात, "दाखव गं तुझी लायटिंग."

बाकी सगळं ठीक. तू वेळेवर जेवत जा.

तुझी सान्वी

ता.क. : माणसांचा नंबर लागायला अजून खूप वर्षं आहेत, तू सांगितलेलंस, म्हणून आईला प्रयोगात घे असं म्हणत नाही. पण तुमच्या कॅमेऱ्यातला सुजलेल्या पायाचा एक फोटो बाबांच्या मोबाईलवर पाठवशील? खाली लिही, मावशीचा हात. बाबांना फरक कळणार नाही.

ता.क. २ : आईने पत्र वाचलं. म्हणाली, खोटं नको, फाडून टाक. मग बराच वेळ माझ्या पोळ्यांकडे बघत बसली. आता म्हणतेय, फोटोतली शेपूट तेवढी कापायला सांग.