पडल्यावर उठायचा वर्ग

कारेलीबाग, बडोदे
८ फेब्रुवारी

तीर्थस्वरूप विमलाअक्का यांस,

सदानंदाचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द आजवर मी फक्त पत्रापुरता वापरला. आता खरोखर घालता येतो, आणि मुख्य म्हणजे घातल्यावर आपला आपण उठताही येतं. खुलासा पुढे येईल.) तुमची प्रकृती कशी आहे, साखर आटोक्यात आहे का, मिरजेतली थंडी ओसरली का, हे सगळं फोनवरच विचारलं असतं, पण जुलैपासून मी सतरा वेळा फोन केला आणि तुम्ही तो उचलला नाहीत. तक्रार नाही. तुमच्या जागी मी असतो तर मीही मेहुण्याचा फोन उचलला नसता. म्हणून पत्र. पत्राचं एक बरं असतं, रागाने न वाचता कपाटात टाकलं तरी ते तिथेच थांबतं.

बातमी अशी की वयाच्या बाहत्तराव्या वर्षी मी क्लास लावला आहे. कारेलीबागेत घरटी एक क्लास आहे हे तुम्हाला ठाऊकच आहे, त्यामुळे शेजारच्यांना नवल वाटलं नाही, त्यांनी फक्त विषय विचारला. मी म्हटलं, तोल. ते म्हणाले, म्हणजे अकाउंट्स? (इथे गुजरातीत तोल म्हणजे वजनमाप. मी पुढे समजावत बसलो नाही.) झालं असं, की नोव्हेंबरात सोसायटीची पायरी उतरताना पाय पुढे गेला आणि मी मागे राहिलो. शेवटी दोघंही कोणाच्यातरी स्कूटरवर जाऊन पडलो. हाड शाबूत राहिलं, स्कूटरचा आरसा गेला. मैत्रेयीने हैदराबादहून व्हिडिओ कॉलवर कपाळावरची पट्टी पाहिली आणि ती रडायला लागली. आईला जाऊन चार महिने झाले नव्हते, तिला दुसरं काय सुचणार? तिने तिथूनच डॉक्टर गाठले, आणि त्यांनी मला उत्कर्षाकडे पाठवलं.

ही उत्कर्षा फिजिओथेरपिस्ट. आपल्याच लोकांतली, जन्म बडोद्याचा, त्यामुळे बोलताना वाक्य मराठीत सुरू होतं आणि गुजरातीत संपतं. आमच्या घरापासून सात मिनिटांवरच्या एका हॉलमध्ये सोमवार, बुधवार, शुक्रवार ती माणसांना उभं राहायला शिकवते. पहिल्या दिवशी मला हे ऐकून हसू आलं. रिफायनरीत पस्तीस वर्षं काढलेला माणूस मी. पन्नास मीटर उंच टॉवरच्या शिडीवर, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्यात पाना घेऊन, वाऱ्यात उभा राहिलेला. मला ही पोरगी उभं राहायला शिकवणार! तिने खुर्ची दिली, खुर्चीच्या पाठीवर दोन बोटं ठेवायला सांगितली आणि म्हणाली, ‘‘काका, एक पाय उचला.’’ मी उचलला. तिने घड्याळ दाखवलं. तीन सेकंद. त्यातला एक सेकंद पाय उचलायचा होता.

वर्गात माझ्या बाजूला फत्तेसिंहराव असतात. वय त्र्याऐंशी, घर पाणीगेटकडे, आजोबा संस्थानच्या नोकरीत मोठ्या हुद्द्यावर होते. व्यायामालाही इस्त्रीचा कोट घालून येतात. दोन्ही गुडघे बदललेले. म्हणतात, ‘‘माणूस जुना, गुडघे नवे. एकमेकांची ओळख व्हायला वेळ लागायचाच.’’ दुसऱ्या बाजूला अवनी, वय वर्षं दहा. तिची डावी बाजू जन्मापासून जरा अशक्त आहे, म्हणून ती शाळेत सारखी पडायची. आता ती जाड फोमच्या उशीवर उभी राहून चेंडू झेलते आणि मला वर सल्ले देते. कोमल नावाची बँकेतली चौतिशीची मुलगी येते. तापानंतर तिच्या कानाच्या आतली नस सुजली आणि तेव्हापासून मान वळवली की तिच्याभोवती खोली फिरते. ती सरळ चालत चालत मान डावी-उजवी करते. उत्कर्षाचं म्हणणं, माणूस तीन गोष्टींच्या आधाराने उभा असतो: डोळे, कानाच्या आतला भाग आणि पायाचे तळवे. एक कमी पडलं तर बाकीच्या दोघांना शिकवून तयार करायचं, आणि पायांत ताकद आणायची. वय कुठलंही असो. हे तळव्यांचं ऐकलं त्या दिवशी मी घरी येऊन जेवलो नाही. पण ते नंतर.

आधी फजिती सांगतो. गृहपाठ म्हणून दात घासताना एका पायावर उभं राहायचं असतं. (बेसिनला हात लावून. हे मी नीट ऐकलं नव्हतं.) तिसऱ्या दिवशी मी डावा पाय उचलला, तोंडात फेस, आणि शरीर सावकाश खिडकीकडे निघालं. हाताला टॉवेलची दांडी लागली. दांडी माझ्याबरोबर आली, दांडीबरोबर दोन टाइल्स आल्या, आणि आम्ही सगळे वॉशिंग मशीनवर टेकलो. उत्कर्षाला सांगितल्यावर ती हसली नाही. टॉवेलची दांडी टॉवेलसाठी असते, माणसासाठी भिंतीत पक्का बसवलेला दांडा लागतो, असं तिने मला पहिलीतल्या मुलाला सांगावं तसं सांगितलं. तो दांडा आता मी स्वतः ड्रिल करून बसवला आहे. त्याला लोंबकळून पाहिलं. हलत नाही.

दुसरा व्यायाम म्हणजे टाचेला बोटं लावून एका रेषेत चालायचं. घरात जागा पुरत नाही म्हणून मी संध्याकाळी सोसायटीच्या बागेत गेलो आणि फरशीच्या रेषेवर चालू लागलो. हात दोन्हीकडे पसरलेले, डोळे समोर, दर चौथ्या पावलाला एक हेलकावा. आकडे उलटे मोजायचे असतात म्हणून तोंडाने शंभर, सत्याण्णव, चौऱ्याण्णव. वॉचमनने थोडा वेळ पाहिलं आणि सेक्रेटरी विहंगभाईंना बोलावून आणलं. दारूबंदीच्या राज्यात एक विधुर माणूस संध्याकाळी सातला झोकांड्या खात स्वतःशी बोलतोय, म्हणजे लोकांनी काय समजावं? विहंगभाई फार भला माणूस. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, नाक जवळ आणलं आणि हळू आवाजात म्हणाले, ‘‘सदानंदभाई, भाभी गयां ए दुःख हुं समजूं छुं. पण आ रस्तो नहीं.’’ भाभी गेल्याचं दुःख समजतो, पण हा मार्ग नव्हे. मी त्यांना उत्कर्षाचा नंबर दिला. आता त्यांच्या आई वर्गाला येतात. मात्र अक्का, गंमत बाजूला ठेवली तर सात महिन्यांत त्या विषयावर माझ्याशी सरळ बोललेला तो पहिला माणूस. मी बागेतल्या बाकावर बसलो आणि बराच वेळ उठलो नाही.

आता ते, ज्यासाठी मी चार दिवस हे पत्र लिहितो आणि फाडतो आहे.

गेल्या महिन्यात उत्कर्षाने पडल्यावर उठायचं शिकवलं. चटईवर उताणं पडायचं. लगेच धडपडायचं नाही. आधी कुठे लागलंय ते पाहायचं, मग कुशीवर वळायचं, हातांवर आणि गुडघ्यांवर यायचं, रांगत खुर्चीपर्यंत जायचं, एक पाय पुढे घेऊन खुर्चीवर जोर देत उठायचं. आणि ज्याला उठता येणार नाही असं वाटेल, त्याने आधी हाक मारायची. मी पडलो. वर पंखा, बाजूला फत्तेसिंहरावांचे बूट. उत्कर्षा म्हणाली, ‘‘काका, हाक मारा ना.’’

‘‘कोणाला?’’

‘‘घरात असेल त्याला.’’

माझ्या तोंडून आवाज निघेना. अवनीला वाटलं मी विसरलो, म्हणून तिने माझ्याऐवजी जोरात ‘‘कोई छे?’’ अशी हाक मारली. मी उठलो. कसा उठलो ते आठवत नाही, शिकवलं तसा नक्कीच नाही. बाहेर जाऊन हॉलच्या खालच्या पायरीवर बसलो.

अक्का, तुमची नलिनी वर्षभर सांगत होती की पायाखाली कापूस ठेवल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, नवीन चप्पल घे. स्वयंपाकघरात जाताना ती चौकटीला हात लावायची, तेव्हा मी विचारायचो, घराला टेकू देतेस का? ती हसायची. त्या सकाळी ती पावणेनऊला बाथरूममध्ये गेली. तेराव्याला तुम्ही मला सगळ्यांसमोर विचारलंत, ‘‘सदानंदराव, तुम्ही घरात होतात ना?’’ मी म्हटलं, दूध आणायला गेलो होतो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि तेव्हापासून बोलला नाहीत. तुम्ही ओळखलंत, अक्का. दूध त्या दिवशी सातलाच आलं होतं. मी घरातच होतो. गॅलरीत पेपर वाचत होतो. कानातलं मशीन शिट्टी मारतं म्हणून काढून टेबलाच्या खणात ठेवलं होतं. तिने हाका मारल्या. चाळीस मिनिटं मारल्या. चहाचं विचारायला म्हणून मी उठलो तेव्हा साडेनऊ होत आले होते. दार ढकललं तर ती ओल्या फरशीवर, एका हाताने बादलीचा काठ धरून. माझ्यावर चिडली नाही. एवढंच म्हणाली, ‘‘अहो, किती हाका मारल्या.’’

पुढचं तुम्हाला माहीत आहे. खुब्याचं ऑपरेशन, मग न्यूमोनिया, एकोणिसावा दिवस. डॉक्टर म्हणाले हाड पडतानाच मोडलं, चाळीस मिनिटांनी फारसा फरक पडला नसता. ते मानायला मला फार आवडलं असतं. पण उत्कर्षाचा वर्ग सहा वर्षं चालू आहे, सात मिनिटांवर. नलिनीसारखे तळवे बधिर झालेले चार जण तिथे येतात आणि उभे राहतात. मी तिला चप्पल आणून दिली. निळ्या पट्ट्यांची.

हे मी मैत्रेयीलाही सांगितलेलं नाही. पायरीवर बसलो होतो तिथे फत्तेसिंहराव काठी टेकत आले आणि शेजारी बसले. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कोटाच्या खिशातून घडी केलेला रुमाल काढून दिला. मग म्हणाले, ‘‘सदानंदराव, पायरी फार खाली आहे. इथून उठायचं कसं, ते मुलीने आज शिकवलं. तुम्ही लक्ष दिलंत का? मी नाही दिलं.’’ दोघांनी तीनदा प्रयत्न केला. शेवटी अवनीच्या आईने एकाला आणि कोमलने दुसऱ्याला वर काढलं. फत्तेसिंहरावांनी दोघींना वाकून नमस्कार केला, आणि त्यात पुन्हा पडता पडता वाचले.

पुढच्या बुधवारी मी परत चटईवर पडलो. कुशीवर वळलो, रांगलो, खुर्ची धरली, उठलो. आता रोज सकाळी उठतो. तीन वेळा.

माफी मागत नाही. ती नलिनीकडे मागायची होती. तुमच्याशी खोटं बोललो, तेवढं परत घेतो.

आपला मेहुणा,
सदानंद

ता.क. – तुमच्या अभिषेकचा परवा पुण्याहून फोन आला होता. आईची काळजी करतो मुलगा. तुम्ही दिवाळीनंतर दोनदा पडलात. दंडावरचा काळा डाग कपाटाचं दार लागून झालाय, असं तुम्ही त्याला सांगितलंत. त्याला दोन्ही वेळा शेजारणीकडून कळलं. तुमचेही तळवे बधिर आहेत हे तुम्ही त्याला सांगितलं नाहीत, पण नलिनीला सांगितलं होतंत आणि तिने मला. पत्र खरं तर एवढ्यासाठीच आहे. वरचं सगळं वाचलं नाहीत तरी चालेल.

ता.क. २ – मला पंधरा दिवस मिरजेला येऊ द्या. न्हाणीघरात दोन आणि संडासाजवळ एक दांडा बसवतो, ड्रिल माझं मी आणतो. तिथला चांगला फिजिओ अभिषेक शोधतो आहे, त्याच्याकडे तुम्हाला सोडत जाईन. माझ्याशी बोलायची सक्ती नाही. तुम्ही खुर्चीवरून दहा वेळा उठा-बसा, मी पलीकडे बसून नुसते आकडे मोजीन. राहायची सोय अभिषेकच्या मित्राकडे होईल. तोवर ओट्याला धरून टाचा उचला, ओल्या फरशीवर एकट्या जाऊ नका, आणि डोळे मिटून कुठलाही व्यायाम करू नका.

ता.क. ३ – तिकीट अजून काढलेलं नाही. रविवारी सकाळी दहाला फोन करतो. ‘‘नको’’ म्हणायचं असेल तर ते म्हणायला उचला. पण रिंग वाजली म्हणून धावत येऊ नका, अक्का. आधी पाय नीट टेका, सावकाश उठा. तोवर बंद पडला तर मी पुन्हा लावीन.